कागद आणि आवाज : पॉडकास्टचा पूर्वेतिहास

पॉडकास्ट हा शब्द फेब्रुवारी २००४ मध्ये बेन हॅमर्स्ली या पत्रकाराने ‘द गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकातील लेखात सुचवला. आयपॉड या खिशात मावणाऱ्या ध्वनियंत्राचे शेपूट आणि प्रसारण या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे शेपूट जोडून तो तयार झाला. मात्र ज्या गोष्टीला हे नाव पडले, म्हणजे एखाद्याने आपल्या तोंडाने हकीगत सांगावी आणि दूरच्या अनोळखी माणसाने ती सवडीने ऐकावी, तिचा इतिहास या शब्दाहून बराच जुना आहे. तो जितका यंत्रांचा आहे तितकाच कागदाचाही आहे, कारण आवाज मुद्रित करण्याची सोय झाल्यावरही बोलणारा काय बोलणार हे आधी लिहून ठरवण्याची सवय सुटायला अनेक दशके जावी लागली.

कागदाची ही पकड भाषेच्या अभ्यासातही दिसते. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात मराठीच्या नाना बोलींचे नमुने आहेत. परंतु त्यांपैकी पुष्कळसे बायबलमधील उधळ्या मुलाच्या एकाच दाखल्याची भाषांतरे आहेत, कारण तुलनेसाठी मजकूर समान हवा होता. माणूस हवा होता तो त्याच्या बोलीसाठी, गोष्ट मात्र त्याची नव्हती. प्रत्यक्ष आवाज टिपतानाही सुरुवात अशीच झाली. पहिल्या महायुद्धात बर्लिनच्या दक्षिणेस व्युन्सडोर्फ येथील ‘अर्धचंद्र छावणी’त ब्रिटिश सैन्यातले हिंदी युद्धकैदी ठेवले होते. तेथे १९१५ साली स्थापन झालेल्या प्रशियाच्या ध्वनिमुद्रण आयोगाने, ज्याचे तांत्रिक काम विल्हेल्म डोगेन पाहत, कैद्यांचे आवाज लाखेच्या तबकड्यांवर उतरवले. मुद्रणापूर्वी मजकूर लिहून घेतला जाई आणि त्याची तालीमही होई. तरीही ११ डिसेंबर १९१६ रोजी फिरोजपूर जिल्ह्यातील माल सिंग या पंजाबी शिपायाने कर्ण्यासमोर जे सांगितले, ते भाषेच्या नमुन्याच्या पलीकडे गेले. एक माणूस होता, तो हिंदुस्थानात लोणी खात असे, युरोपच्या लढाईत आला आणि जर्मनांनी त्याला पकडले, आता त्याला घरी जायचे आहे, असे त्याने स्वतःविषयी तृतीय पुरुषात सांगितले. जेमतेम दीड मिनिटाचे हे कथन भाषाशास्त्राच्या कपाटात पडून राहिले आणि फिलिप शेफनर यांच्या २००७ सालच्या ‘द हाफमून फाइल्स’ या चित्रपटामुळे ते पुन्हा लोकांच्या कानी आले.

नभोवाणीच्या काळात कागदाची पकड ढिली होण्याऐवजी घट्ट झाली. बीबीसीच्या भाषण विभागाच्या पहिल्या संचालक हिल्डा मॅथेसन यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस एक मर्म ओळखले होते : सभेत गाजणारे वक्तृत्व घरात बसलेल्या एकट्या श्रोत्याला परके वाटते, त्याच्याशी गप्पांच्या सुरात बोलावे लागते. हा सहजपणा साधण्यासाठी त्यांनी जी रीत रुळवली ती मात्र लिखित संहिता आणि तालीम यांचीच होती. पुढे ध्वनिमुद्रणयंत्र मोटारीत घालून बीबीसीच्याच निर्मात्या ऑलिव्ह शॅप्ली यांनी उत्तर इंग्लंडमधील खाणकामगारांच्या बायकांपर्यंत मायक्रोफोन नेला. पण एकूण शिरस्ता असा की सामान्यांचे बोलणे टिपून घ्यावे, त्यावरून लेखकाने संहिता रचावी आणि ती नटांनी म्हणावी.

हा शिरस्ता मोडला तो एका रेल्वे अपघाताच्या निमित्ताने. ९ फेब्रुवारी १९५७ रोजी बक्स्टनहून निघालेल्या मालगाडीच्या इंजिनात ब्रेकची वाफेची नळी फुटली. चालक जॉन ॲक्सन याने फायरमनला उडी मारायला सांगितले आणि स्वतः उकळत्या वाफेत गाडी सावरत राहिला. उतारावर चॅपल-एन-ले-फ्रिथ येथे ती पुढच्या मालगाडीवर आदळली. ॲक्सन आणि दुसऱ्या गाडीचा गार्ड, दोघेही मृत्यू पावले. बीबीसीच्या बर्मिंगहॅम केंद्रावरील निर्माते चार्ल्स पार्कर आणि गायक-नाटककार इवन मॅकॉल यांनी या घटनेवर सांगीतिक रूपक करायचे ठरवले. (आकाशवाणीच्या परिभाषेत, एका विषयावर निवेदन, संवाद, संगीत आणि ध्वनी गुंफून केलेला कार्यक्रम म्हणजे रूपक.) खांद्याला अडकवता येणारे ध्वनिमुद्रक घेऊन ते ॲक्सनच्या सहकाऱ्यांकडे आणि पत्नीकडे गेले, ते संहितेसाठी कच्चा माल जमवण्याच्याच हेतूने. परंतु जमलेल्या फिती ऐकताना त्यांच्या ध्यानात आले की इंजिनाविषयी बोलणाऱ्या रेल्वे कामगारांच्या वाक्यांना जी लय होती, धंद्याच्या शब्दांना जे वजन होते आणि मध्येच अडखळण्याला जो अर्थ होता, तो कोणाही नटाच्या आवाक्यातला नव्हता. म्हणून मूळ आवाजच ठेवले गेले, निवेदक काढून टाकला आणि पेगी सीगर यांनी संगीत बांधलेली गाणी त्या आवाजांच्या मध्ये ओवली गेली. ‘द बॅलड ऑफ जॉन ॲक्सन’ २ जुलै १९५८ रोजी प्रसारित झाले आणि त्यापाठोपाठ १९६४ पर्यंत या प्रकारची आणखी सात रूपके झाली. खर्चाचा भार हे मालिका थांबण्याचे मोठे कारण होते. अर्थात नियंत्रण संपले असे मुळीच नाही. कितीतरी तासांच्या फिती पात्याने कापून, चिकटपट्टीने जोडून तासाभराचा कार्यक्रम होत असे, म्हणजे लेखणीची सत्ता पात्याकडे गेली होती. मात्र कापलेला तुकडाही त्या माणसाचाच होता, हा फरक लहान नव्हे.

भारतात कागदाला आणखी एक काम होते. प्रसारण सरकारच्या हाती असल्याने भाषणाची संहिता आधी तपासली जाणे ही कलेची गरज होती तशी पहाऱ्याचीही. प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला आणि पुढे खासगी एफएम केंद्रेही आली, परंतु त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा मिळाली नाही. पॉडकास्टचे महत्त्व येथे कळते : त्याला लहरही लागत नाही आणि परवानाही. संकेतस्थळावर नवे काही आल्याची वर्दी वर्गणीदाराच्या संगणकाला आपोआप देणारी आरएसएस नावाची रचना होती. तिला ध्वनीची फाइल जोडण्याची सोय डेव्ह वायनर यांनी डिसेंबर २००० मध्ये केली, २००३ मध्ये पत्रकार क्रिस्टोफर लायडन यांनी घेतलेल्या मुलाखती त्या मार्गाने जाऊ लागल्या आणि जून २००५ मध्ये ॲपलने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली.

कागद मात्र या मोकळ्या माध्यमातही परत आला, आणि तो कोणी न लादता. २०१४ साली सुरू झालेल्या ‘यू मस्ट रिमेंबर धिस’ या पॉडकास्टमध्ये करिना लाँगवर्थ हॉलिवूडच्या पहिल्या शतकातील विसरलेल्या कथा सांगतात. त्यासाठी त्या चरित्रे आणि जुनी नियतकालिके धुंडाळून सविस्तर संहिता लिहितात आणि ती वाचतात. ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांतील बहुतेक नट-नट्या हयात नाहीत. त्यामुळे त्यांची कागदोपत्री राहिलेली वाक्ये तेथे अनेकदा दुसऱ्याच कुणाच्या तोंडून म्हणवून घ्यावी लागतात. पार्कर आणि मॅकॉल यांना ॲक्सनच्या सहकाऱ्यांच्या बाबतीत नेमकी हीच रीत सोडून देता आली होती.