गुडघ्याचें मोजमाप

ज्या गुडघ्यांच्या बळावर आपण जन्मभर चालतों, त्यांची गति नेमकी कशी असते हें ठरविण्यास शास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षें खर्चावीं लागलीं, असें सांगितल्यास वाचकांना नवल वाटेल. गुडघा म्हणजे दाराची बिजागरी. त्यांत मोजावयाचें तें काय, असाच सर्वसाधारण समज असतो. परंतु १८३६ सालीं जर्मनींतील वेबर बंधूंनीं दाखवून दिलें कीं, मांडीचें हाड नडगीच्या हाडावर घरंगळतें आणि घसरतेंहि. शिवाय वाकलेल्या गुडघ्यांत नडगी थोडी वळतेहि. बिजागरीची उपमा तेव्हांच लंगडी ठरली.

चालत्या माणसाची गति मोजण्यासाठीं लाइप्झिगचे शरीररचनाशास्त्रज्ञ ब्राउने व त्यांचे सहकारी फिशर यांनीं केलेला खटाटोप विलक्षण होता. एका सैनिकाच्या अवयवांवर विजेनें उजळणाऱ्या कांचेच्या नळ्या बांधावयाच्या, त्याला काळोखांत चालवावयाचें आणि त्या प्रकाशरेषा चार कॅमेऱ्यांनीं टिपावयाच्या! चालणें घटकाभराचें, बांधाबांध कित्येक तासांची, आणि गणित तर वर्षानुवर्षांचें. १८९२ सालीं ब्राउने निवर्तले. फिशरांनीं तें काम एकट्यानें तडीस नेलें. १८९५ ते १९०४ या काळांत त्यांच्या ग्रंथाचे भाग निघाले. पुढें येणारा पाय लंबकासारखा आपोआप झुलतो हें वेबरांचें मत त्यांत टिकलें नाहीं. तेथें स्नायूंचेंहि बळ लागतें असें दिसून आलें.

तरीहि एक उणीव राहिलीच. मोजावयाचें होतें हाड, आणि नळी होती कातडीवर. सैल अभ्र्यावरची खूण आंतल्या उशीबरोबर हलेलच असें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत पाय गमावलेल्यांसाठीं चांगले कृत्रिम पाय घडविण्याचें संशोधन कॅलिफोर्निया विद्यापीठांत सुरू झालें, तेव्हां ही उणीव खुपूं लागली. लेव्हन्स, इन्मन व ब्लॉसर यांनीं निरोगी तरुणांच्या हाडांतच धातूचे खिळे बसवून त्यांना चालविलें व १९४८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. परक्याच्या पायासाठीं स्वतःच्या हाडांत खिळा रोवूं देणाऱ्या त्या तरुणांचें स्मरण ठेवलें पाहिजे.

१९८३ सालीं ग्रूड व सुंटे यांनीं गुडघ्याच्या तीन वळणांचें आणि तीन सरकण्यांचें वर्णन करण्याची सर्वांना सोईची पद्धत दिली. पुढें १९९० नंतरच्या दशकांत कातडीवरच्या खुणा आणि हाडांतील खिळे एकाच वेळीं मोजून पाहण्यांत आले. गुडघ्याचें वाकणें दोहोंत बरेंचसें जुळलें. परंतु नडगीचें वळणें व बाजूस कलणें यांत चूक मूळ हालचालीइतकीच मोठी असूं शकते असें आढळलें. आतां दोन बाजूंनीं घेतलेल्या क्ष-किरणांच्या चलच्चित्रांवरून, खिळ्यांवांचूनहि, हाडांची गति पाहतां येते.

दशांश चिन्हापुढें आंकडे वाढविले कीं अचूकपणा साधला, असें आपणां शिकलेल्यांस फार लवकर वाटतें. आपण मोजलें तें हाड कीं त्यावरची कातडी, हें आधीं विचारावें लागतें. कृत्रिम सांधा बसवून घेणाऱ्या वृद्धाला त्या दशांशांशीं कर्तव्य नसतें. जिना उतरतांना पायानें दगा देऊं नये, एवढीच त्याची अपेक्षा असते.