दहा थाऊ, वीस थाऊ

लातूर-नांदेडकडच्या लोहार-सुतारांच्या तोंडी आजही सुताचे माप आहे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बैलगाडीच्या धावेला, वखराच्या पासेला एवढी बारकाई पुरते. इंजिनाच्या सिलिंडरला ती पुरत नाही. तिथला हिशेब इंचाच्या हजाराव्या भागाचा, मिस्त्रींच्या भाषेत थाऊचा. एका सुतात १२५ थाऊ बसतात. त्यातले आठ-दहा जरी बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या पोकळीत, झिजले, तरी इंजिन ऑइल पिऊ लागते, निळा धूर सोडते आणि चढाला दम टाकते.

या बारकाईची गरज वाफेच्या इंजिनाने दाखवून दिली. जेम्स वॅटच्या इंजिनातून वाफ निसटायची, कारण सिलिंडर नीट गोल नव्हता. तोफा कोरण्यात मुरलेल्या जॉन विल्किन्सनने १७७५ च्या सुमारास सिलिंडर कोरणारे यंत्र उभे केले, तेव्हा कुठे ते इंजिन कामाचे झाले.

मराठवाड्यात असे सिलिंडर रुळांवरून आले. मनमाड–सिकंदराबाद मीटरगेज मार्ग विसाव्या शतकाच्या तोंडावर नांदेडवरून धावू लागला. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९११ मध्ये लातूरला पोहोचली. मात्र मोठ्या दुरुस्तीचे कारखाने लांब होते : एक सिकंदराबादेत लालागुड्याला, दुसरा कुर्डुवाडीला. १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने २७ बसगाड्यांनिशी रस्ता वाहतूक सुरू केली, तरी माप घेणारा हात नोकरदाराचाच राहिला.

तो शेतकऱ्याच्या दारात आणला विहिरीवरच्या इंजिनाने. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. त्यांच्या पाच अश्वशक्तीच्या एव्ही-१ इंजिनाचा बोअर ८० मिलिमीटर आणि स्ट्रोक ११०. एकच सिलिंडर, तोही बदलता येणाऱ्या लायनरचा. लायनर, पिस्टन, रिंगा असा संच आणून मिस्त्री विहिरीच्या काठावरच इंजिन बांधू शके. शेतकरी शेजारी बसून पाहत असे. यंत्राचे पोट उघडायची भीती इकडे मोडली ती अशा इंजिनांमुळे, असे म्हटले पाहिजे.

जीपचे तसे नव्हते. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. तिच्या पेट्रोल इंजिनाचे चारही बोअर थेट ब्लॉकमध्येच कोरलेले, मूळ व्यास सव्वातीन इंचांना एक सूत कमी, म्हणजे ३.१२५ इंच. इथे लायनर काढून फेकण्याची सोय नाही. किती झिजले हे आधी कळले पाहिजे, मगच किती कोरायचे ते ठरणार.

हे कळायला महागडे हत्यारच लागते असे नाही. अंगणात उतरवलेल्या ब्लॉकपाशी एक नवी रिंग आणि फीलर गेजची पट्टी पुरते. रिंग बोअरमध्ये ठेवायची, पिस्टन उलटा धरून तिला सरळ रेटायची आणि तिच्या दोन टोकांमधली फट मोजायची. बोअरच्या अगदी तळाशी, जिथे रिंगा कधी पोहोचत नाहीत, तिथे मूळ माप जवळजवळ शाबूत असते. समजा तिथे फट १२ थाऊ आली. वर, स्फोटाचा दाब आणि उष्णता सर्वाधिक सोसणाऱ्या आणि तेल कमी मिळणाऱ्या भागात ती ४० थाऊ भरली. फरक २८. फट परिघाच्या हिशेबाने वाढते, म्हणून २८ ला ३.१४ ने भागायचे : व्यासात सुमारे नऊ थाऊंचा उतार. शाळेतला पाय इतका उपयोगी क्वचितच पडत असेल.

या युक्तीला एक मर्यादा आहे. कनेक्टिंग रॉड तिरका होतो तसा पिस्टन क्रँकच्या आडव्या दिशेच्या भिंतींवर रेलतो आणि बोअर लंबगोल होतो. रिंगेला ते सांगता येत नाही. त्यासाठी बोअर डायल. तो मायक्रोमीटरवर शून्याला लावतात, बोअरमध्ये सोडून किंचित झुलवतात आणि काटा जिथून उलटा फिरतो ते सर्वांत कमी माप धरतात. वर, मधे, खाली. प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या रेषेत आणि आडवे. चार सिलिंडरची २४ मापे होतात आणि ती सगळी घ्यावीत. घाईत एक सिलिंडर मोजून चारांचा निर्णय घेणे हा ब्लॉकवर अन्याय आहे. सर्वांत वाईट बोअर चौघांचे माप ठरवतो.

वरच्या उदाहरणात दहा थाऊंचा ओव्हरसाइझ, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढा मोठा पिस्टन, जेमतेम वाटतो, पण झीज एका बाजूला जास्त असते आणि होनिंगला, म्हणजे शेवटच्या घासाईलाही धातू ठेवावा लागतो. म्हणून वीस थाऊ, म्हणजे ३.१४५ इंच. पिस्टन आधी हातात घेऊन त्याच्या मापाने बोअर कोरून घेणारा मिस्त्री शहाणा. तीस आणि चाळीस थाऊ झाले की बहुधा बोअरमध्ये नवी नळी, म्हणजे स्लीव्ह, ठोकण्याची पाळी येते.

जीपनंतर लहान बोअरच्या गाड्या आल्या, पण मोजायची रीत तीच राहिली. प्रीमियर पद्मिनी आली ती ६८ मिलिमीटरचा बोअर घेऊन, १९८३ ची मारुती ८०० आली साडेअडुसष्टचा. १९८५ च्या हिरो होंडा सीडी १०० चा बोअर अवघा ५० मिलिमीटर. तिचा ब्लॉक एसटीने येताना पिशवीतून आणता येतो, आणि बोअरिंगवाला तोही आधी डायलवर पाहून मगच भाव सांगतो.