बुडाला लागले, दोष कोणाचा?

भगिनींनो, दूध बुडाला लागले की घरात पहिला प्रश्न निघतो, "लक्ष कुठे होते?" भांडे कसले, जाळ किती, हे कोणी विचारीत नाही. म्हणून आज थोडी भांड्यांचीच हकिकत सांगते.

पूर्वी आपल्याकडे स्वयंपाक मातीच्या गाडग्यात, लोखंडी तव्यावर आणि पितळेच्या पातेल्यात होई. पितळेला कल्हई हवीच, नाहीतर ताक, कढी, चिंचेचे सार कळकायचे. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. कथील २३२ अंशांवर वितळते. म्हणूनच कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवू नये, अशी थोरांची शिकवण. कल्हईवाला दारी येईपर्यंत खोळंबा व्हायचा, तो वेगळाच.

एनॅमलने ही अडचण दूर केली. लोखंडावर काचेची पूड चढवून सुमारे ८०० अंशांच्या भट्टीत ती वितळवली म्हणजे एनॅमल होते. १८व्या शतकात जर्मनीत ओतीव लोखंडाच्या भांड्यांना आतून असा लेप देऊ लागले. १९व्या शतकात पत्र्याची हलकी भांडी निघाली आणि ऑस्ट्रिया, जर्मनी, पुढे जपान येथून आपल्या बाजारांत आली. नंतर आपल्या देशातही कारखाने उभे राहिले. बंगाल एनॅमल वर्क्स त्यांतलाच. कल्हई नको, आंबट कळकत नाही, वजनाला हलके! बायकांना भांडे आवडले.

मी वाशीमला सून म्हणून आले तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा १ जुलै १९९८ला झाला. घरात निळ्या काठाचे पांढरे एनॅमलचे पातेले होते. पहिल्याच आठवड्यात त्यात ज्वारीच्या कण्या लागल्या. मी पितळेसारखे राख व विटेच्या भुग्याने खसखसून घासले. चकाकी गेली, आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट लागले! शेजारणींनी माझ्या हाताला नावे ठेवली. सासूबाईंनी मात्र पातेले उपडे करून दाखवले. "पोरी, हे पितळ नव्हे. बूड पाहा किती पातळ आहे."

खरे कारण तेच होते. पातळ पत्र्यात जाळ लागेल तेवढीच जागा तापते, आणि दूध किंवा पीठ नेमके तिथे करपते. घासून चरे पडले की अन्न त्यांत आणखी धरते. मग त्यांनी रीत शिकवली. दूध ओतण्यापूर्वी पातेले पाण्याने विसळावे, आच मंद ठेवावी, लाकडी डावाने तळापासून ढवळावे. लागलेच तर पाणी व खाण्याचा सोडा घालून उकळावे, मग मऊ चोथ्याने पुसावे. तापल्या भांड्यात गार पाणी ओतू नये. काच आणि लोखंड सारखे आक्रसत नाहीत, टवका उडतो. आतला टवका उडालेले भांडे स्वयंपाकातून काढावे.

पुढे जर्मनची व स्टीलची भांडी आली. १९३८ साली अमेरिकेत टेफ्लॉनचा शोध लागला, आणि १९५६ पासून फ्रान्समध्ये न चिकटणारे तवे विकले जाऊ लागले. आज ते आपल्या घरी आहेत. आणि तारेच्या घासणीने आपण त्यांचीही तीच गत करतो!

भांडी बदलली, बोल मात्र बाईलाच लागतो. तेव्हा भगिनींनो, नवे भांडे घरी आणाल तर त्याची रीतही विचारून घ्या. आणि उद्या सुनेच्या हातून दूध लागले, तर आधी बूड पाहा, मग जाळ पाहा. तिच्या हाताला नावे ठेवण्याची बहुधा गरजच उरणार नाही.