परक्या कुळाचा चंद्र

शनीचे पहिले आठ चंद्र दुर्बिणीला डोळा लावून सापडले. नववा, फीबी, सापडला काचेवर.

पेरू देशात आरेकिपा शहराजवळ हार्वर्डची वेधशाळा होती. तिथल्या 24 इंची ब्रूस दुर्बिणीतून डिलाइल स्टुअर्ट यांनी ऑगस्ट 1898मध्ये शनीच्या आसपासच्या आकाशाची छायाचित्रं घेतली. रसायन लावलेल्या काचेवर बराच वेळ प्रकाश पडू दिला, की डोळ्याला न दिसणारे ठिपकेही हळूहळू उमटतात. मार्च 1899मध्ये विल्यम पिकरिंग यांनी त्या काचा एकमेकींशी ताडून पाहिल्या. तारे जागच्या जागी होते. एक फिकट ठिपका मात्र शनीबरोबर सरकत होता. छायाचित्रावरून चंद्र सापडण्याची ही पहिलीच वेळ. शोधक म्हणून पिकरिंग यांचं नाव लागलं. माझ्या मते तो मान स्टुअर्ट यांचाही आहे.

कक्षेचं गणित मांडल्यावर खरं नवल कळलं. हा चंद्र शनीपासून सुमारे 1 कोटी 30 लाख किलोमीटरवरून, साधारण 550 दिवसांत एक फेरी मारतो, आणि तीही उलट दिशेनं. ग्रहाभोवतीच्या तबकडीतून जन्मलेले चंद्र ग्रहाच्या फिरण्याच्या दिशेनंच फिरतात. उलटा फिरणारा बाहेरून आलेला, शनीनं ओढून धरलेला असणार, असा तर्क पुढे आला. पुरावा मिळायला एक शतक जावं लागलं.

कॅसिनी यान शनीपाशी पोहोचताना 11 जून 2004 रोजी फीबीजवळून, जेमतेम 2,000 किलोमीटरवरून जाईल, असा मार्ग मुद्दाम आखला होता. एकदा शनीभोवती फिरू लागल्यावर इतकी जवळीक पुन्हा शक्य नव्हती. दिसलं ते खड्ड्यांनी भरलेलं, कोळशासारखं काळं, सुमारे 213 किलोमीटर व्यासाचं जग. खड्ड्यांच्या कडांवर उघडा पडलेला बर्फ होता. पृष्ठभागावर गोठलेला कार्बन डायऑक्साइड आढळला. घनता पाण्याच्या 1.6 पट निघाली. शनीच्याच आयापिटस या शेजारच्या चंद्राची 1.1 पटच आहे, म्हणजे दोघांची घडण वेगळी. या साऱ्यावरून बहुतेक शास्त्रज्ञ फीबीचं मूळ नेपच्यूनपलीकडच्या बर्फाळ पट्ट्यातल्या पिंडांशी जोडतात. तिथली वस्तू इतक्या जवळून पाहण्याची ती दुर्मीळ संधी होती, असं मला वाटतं. म्हणून या छोट्या चंद्राचं मोल मोठं.

2009मध्ये स्पिट्झर अवकाश दुर्बिणीनं फीबीच्या कक्षेलगत एक विरळ, प्रचंड कडं शोधलं. आघातांनी फीबीवरून उडालेली धूळ त्यात आहे. ती हळूहळू आत सरकते आणि आयापिटसच्या पुढच्या बाजूवर बसते. आयापिटसची एक बाजू काळी का, हे सतराव्या शतकापासूनचं कोडं बऱ्याच अंशी तिथे सुटलं.

मध्यम आकाराची दुर्बीण हाताशी असेल, तर आयापिटस शनीच्या पश्चिमेला असताना पाहा आणि साधारण 40 दिवसांनी पूर्वेला असताना पुन्हा शोधा. दुसऱ्या वेळी तो कितीतरी फिका दिसेल. त्या वेळी तुमच्याकडे वळलेली असते ती फीबीच्या धुळीनं काळवंडलेली बाजू.