विखुरलेल्या अर्मनी समाजांतील देवालय, छापखाना व तरुण पिढी

(१)

सुरत, आग्रा, मद्रास व कलकत्ता येथील जुन्या दफनभूमींत अर्मनी लिपींतील लेखांच्या शिळा आढळतात, हें संशोधकांस ठाऊक आहेच. मेस्रोप माश्तोत्स यानें इसवी सनाच्या पांचव्या शतकाच्या आरंभीं सिद्ध केलेल्या या लिपींत अक्षरांस संख्यामूल्य असल्यामुळें मृत्यूचें वर्ष पुष्कळदां अक्षरांनींच दिलेलें असतें. तें अर्मनी थोर शकाचें असल्यास त्यांत ५५१ मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. वोस्कान नांवाच्या धर्मोपाध्यायाची पत्नी मारिनास हिच्या सुरतेंतील शिळेवरचें वर्ष मेस्रोब जेकब सेठ यांनीं १०२८ असें दिलें आहे. म्हणजे ही स्त्री इ. स. १५७९ त, इंग्रजांची वखार सुरतेस बसण्याच्या तीस वर्षांहून अधिक आधीं, वारली. जेथें उपाध्यायाची बायको पुरली जाते तेथें उपाध्याय राहात असला पाहिजे, आणि त्याच्यामागें थोडीबहुत वस्तीहि असली पाहिजे, इतकें अनुमान या एका शिळेवरून करतां येतें.

या लोकांचें किलिकियांतील शेवटचें राज्य इ. स. १३७५ त बुडालें. त्यानंतर स्वतःचा राजा नाहीं, फौज नाहीं, आणि वस्ती तर ॲम्स्टरडॅमपासून मनिलापर्यंत पसरलेली. असा समाज शेंकडों वर्षें एक राहिला, याचें श्रेय सामान्यतः त्याच्या धर्मसंस्थेस देण्यांत येतें. तें खोटें नाहीं; पण अपुरें आहे. देवालयानें हा समाज एकत्र ठेवला तो प्रार्थनेच्या जोडीला कागदाच्या बळावर. आणि कागद जेव्हां थेट तरुणांच्या हातीं गेला, तेव्हां धर्माधिकारी प्रथम बिचकले व मागाहून एका उपाध्यायानेंच तें साधन हातीं घेतलें. ही गोष्ट मुख्यतः आपल्या मद्रास शहरांत घडली, म्हणून ती येथें थोडक्यांत मांडण्याचें योजिलें आहे.

(२)

इराणचा शाह अब्बास पहिला यानें सतराव्या शतकाच्या आरंभीं आरास नदीकांठच्या जुल्फा गांवचे लोक उठवून आपल्या इस्फहान राजधानीजवळ नेऊन वसविले. त्या नव्या वसाहतीचें नांव नवें जुल्फा. तेथील सर्वतारकाच्या मठांत इ. स. १६३८ त स्तोत्रसंहिता छापली गेली. इराणांत छापलेलें हें पहिलें पुस्तक होय. मठाच्या आश्रयानें चाललेल्या शाळेंत कोस्तांद नांवाचा शिक्षक मुलांना व्यापाराचें शिक्षण देत असे. निरनिराळ्या बंदरांचीं वजनें, मापें, नाणीं व माल यांची माहिती देणारा त्याचा ग्रंथ हस्तलिखितरूपानें उपलब्ध आहे. धर्माची व हिशेबाची शिकवण अशी एकाच आवारांत मिळे.

या शिक्षणाचें प्रयोजन उघड होतें. जुल्फ्याचा धनको घरीं बसे आणि तरुण गुमास्ता त्याचें भांडवल घेऊन नफ्याच्या ठरलेल्या वांट्यावर परमुलखीं जाई. अशाच एका गुमास्त्याची, होव्हान्नेस नांवाच्या उपाध्यायपुत्राची, इ. स. १६८२ ते १६९३ या काळांतील हिशेबवही लिस्बन येथें जतन आहे. सुरत, आग्रा, पाटणा व नेपाळ असा प्रवास करून तो ल्हासास पोंचला आणि तेथें सुमारें पांच वर्षें राहिला. ऐन उमेदीचीं वर्षें अशीं परमुलखांत काढणाऱ्या तरुणांस घराशीं जोडणारीं बंधनें दोनच होतीं. एक, ज्या गांवीं अर्मनी देऊळ असेल तेथील उपाध्याय. हिंदुस्थानांतील वस्त्यांस उपाध्याय जुल्फ्याच्या मठाकडून येत आणि धनिकांच्या मृत्युपत्रांतून मठाला देणग्या जात. दुसरें बंधन पत्रांचें.

या पत्रांचा एक मोठा सांठा विलक्षण रीतीनें वांचला. इ. स. १७४८ त बंगालहून बसऱ्याकडे निघालेलें ‘सांता कातारिना’ हें जहाज इंग्रजी आरमारानें पकडलें. जहाजावरील अर्मनी माल शत्रूचा कीं तटस्थाचा, हा वाद न्यायालयांत गेला आणि पुरावा म्हणून त्यावरील कागद लंडनला नेण्यांत आले. त्यांत जुल्फ्याच्या व्यापारी बोलींतील सुमारें सतराशें पत्रें होतीं. तीं आज क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय दप्तरखान्यांत आहेत. सेबूह अस्लानियन यांनीं त्यांचा अभ्यास करून जुल्फ्याच्या व्यापाराचें चित्र नव्यानें उभें केलें. मालाचे भाव, हुंड्या, कोण विश्वासू व कोण बुडवा याची वार्ता, आणि त्यांच्याच जोडीला घरची खुशाली, असा मजकूर अशा पत्रांत असे. पत्रें मालकांस पोंचलीं असतीं तर कालांतरानें बहुधा नष्ट झालीं असतीं. जप्त झालीं म्हणून उरलीं.

(३)

मद्रासेंत जुल्फ्याच्या व्यापाऱ्यांची भरभराट मोठी होती. सैदापेठेजवळ अड्यार नदीवर पूल बांधणारा व सेंट थॉमस टेकडीच्या पायऱ्या करविणारा खोजा पेत्रुस वोस्कान इ. स. १७५१ त तेथेंच वारला. त्याच्या इच्छेप्रमाणें देह मद्रासेंत पुरून हृदय मात्र जुल्फ्यास पाठविण्यांत आलें, असें सांगतात. पहिल्या पिढीच्या मनाची ओढ याहून स्पष्ट कोणती असणार? परंतु मद्रासेंतच जन्मलेल्या मुलांचें काय? त्यांनीं जुल्फा पाहिलें नव्हतें. देवालयांतील जुनी ग्रांथिक भाषा त्यांच्या घरांत कोणी बोलत नव्हतें.

हा प्रश्न ओळखणारा गृहस्थ म्हणजे शाहामीर शाहामिरियन (इ. स. १७२३ ते १७९७). त्यानें मद्रासेंत छापखाना काढला व त्यास आपला मुलगा हाकोब याचें नांव दिलें. तेथें इ. स. १७७२ त मुलांसाठीं अंकलिपी छापली गेली. त्याच वर्षीं हाकोबचा शिक्षक मोव्सेस बाग्रामियन यानें लिहिलेलें ‘होर्दोराक’, म्हणजे ‘प्रबोधन’, नांवाचें पुस्तक निघालें. अर्मनी तरुणांस आळसाच्या झोंपेंतून जागें करण्यासाठीं तें रचलें आहे, असें त्याच्या लांबलचक मुखपृष्ठावरच सांगितलेलें आहे. पूर्वजांचा इतिहास, राज्य गमावण्याचीं कारणें व तें परत मिळविण्याची आवश्यकता हा त्यांतील विषय. पुढें शाहामिरियन यानें ‘फासें वैभवाचें’ या अर्थाच्या नांवाचा ग्रंथ छापला. त्यांत भावी अर्मनी लोकराज्याची ५२१ कलमांची राज्यघटना आहे. त्याच्या मुखपृष्ठावर १७७३ हें वर्ष असलें तरी छपाई इ. स. १७८७-८८ च्या सुमारास झाली, असें अभ्यासकांचें मत आहे. मुखपृष्ठावरच्या सनावर विसंबणाऱ्या संग्राहकांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

मद्रासेच्या अर्मनी गल्लींतील सेंट मेरीचें देवालयहि याच इ. स. १७७२ त नव्यानें बांधलें गेलें. पण धर्मपीठानें ‘होर्दोराक’चें स्वागत केलें नाहीं. एचमियाझिन येथील धर्मगुरु सिमेओन यानें त्याच्या प्रती जाळून टाकण्याची आज्ञा केली व ग्रंथकारास शाप दिला. एवढ्यावरून सिमेओनला विद्याशत्रु ठरविणें अन्यायाचें होईल. एचमियाझिनला छापखाना प्रथम काढला तो त्यानेंच, इ. स. १७७१ त, आणि त्यासाठीं पैसा दिला तो मद्रासेच्याच ग्रिगोर नांवाच्या एका अर्मनी व्यापाऱ्यानें. परंतु धर्मपीठ तुर्क व इराणी या दोन सत्तांच्या कचाट्यांत होतें. मद्रासेंत निर्भयपणें छापलेल्या शब्दांची शिक्षा आरारात पर्वताच्या पायथ्याशीं राहणाऱ्या शेतकऱ्यांस भोगावी लागेल, ही त्याची भीति निराधार नव्हती. दूर राहणारा तरुण धीट होतो आणि धोका घरीं राहिलेल्यांस पोंचतो. दोन्ही बाजूंस खरें दुःख होतें.

(४)

या घटनेनंतर बावीस वर्षांनीं त्याच मद्रासेंत वेगळा प्रकार घडला. सेंट मेरीचा उपाध्याय हारुत्युन श्मावोनियन हा मूळचा शिराझचा. आपले दोन मुलगे एका आठवड्यांत दगावल्यावर तो विरक्त होऊन फारशीच्या अभ्यासांत गढला होता, असें सांगतात. मद्रासेस आल्यावर त्यानें स्वतःचा छापखाना काढला आणि १६ ऑक्टोबर १७९४ रोजीं ‘आझ्दारार’ या मासिकाचा पहिला अंक प्रसिद्ध केला. ‘आझ्दारार’ म्हणजे वार्ता देणारा. अर्मनी भाषेंतील हें पहिलें नियतकालिक होय. तें इस्तंबूलला निघालें नाहीं, व्हेनिसला निघालें नाहीं, जुल्फ्यासहि निघालें नाहीं, मद्रासेंत निघालें. आजहि १६ ऑक्टोबर हा दिवस अर्मनी पत्रकारांचा दिवस म्हणून पाळतात.

या मासिकांत जहाजांच्या ये-जा, मालाचे भाव, युद्धवार्ता, अर्मनी वस्त्यांतील बातम्या व विद्याविषयक मजकूर येई. एके काळीं ज्या बातम्या खाजगी पत्रांतून एका धनकोस कळत, त्या आतां छापून सर्वांपुढें येऊं लागल्या. व्यापाऱ्याचा मुलगा आणि उपाध्याय एकच कागद वाचूं लागले, हा फरक लहान नाहीं. मासिकाचे अठरा अंक निघाले आणि इ. स. १७९६ त तें बंद पडलें. वर्गणीदार थोडे होते, एवढें कारण त्यास पुरेसें होतें. त्याच वर्षीं मुंबईच्या कोटांत मेडोज स्ट्रीटवर अर्मनी देवालय उभें राहिलें. मद्रासेच्या देवळाच्या आवारांतच श्मावोनियन इ. स. १८२४ त चिरविश्रांति पावला.

(५)

यानंतरचा इतिहास त्वरेनें सांगतां येईल. इ. स. १८२१ त कलकत्त्यास अर्मनी विद्यालय स्थापन झालें. हिंदुस्थानांतील अर्मनी मुलें कमी झाल्यावर तेथें इराणांतून, व पुढें आर्मेनिया व इराक येथूनहि मुलें येऊं लागलीं. म्हणजे मूळ देशच आतां वस्तीला तरुण पुरवूं लागला. इ. स. १९१५ च्या तुर्की साम्राज्यांतील कत्तलींनंतर उरलेले लोक सीरिया, लेबनन, फ्रान्स व अमेरिका येथें पांगले. किलिकियाचें धर्मपीठ इ. स. १९३० त बैरूतजवळ अंतेलियास येथें स्थिर झालें. अमेरिकेंत इ. स. १९४६ त तेथील अर्मनी धर्मसंस्थेनेंच तरुणांचा संघ काढला. जाळण्याची आज्ञा देणाऱ्या पीठाच्याच परंपरेंत तरुणांस स्वतंत्र स्थान मिळालें, हें या ठिकाणीं विशेष.

आज ही पिढी आंतरजालावर भेटते. इ. स. २०२० च्या महामारींत देवळें बंद झालीं असतां उपासना पडद्यावरून घरोघर पोंचली, आणि निरनिराळ्या खंडांतील मुलामुलींचा संवाद क्षणांत होऊं लागला. साधन नवें असलें तरी गरज ल्हासाला बसलेल्या होव्हान्नेसचीच आहे. धोकाहि जुनाच: दूरचे शब्द जवळच्यांस भोंवतात. आणि एक धोका मात्र नवा आहे. सतराशें पत्रें जप्तीमुळें वांचलीं. आजच्या तरुणांचीं पत्रें जप्त करून कपाटांत ठेवील असें आरमार कोठें आहे?

मद्रासेच्या देवळांत आज नित्य उपासनेस जमेल एवढा अर्मनी समुदाय उरला नाहीं. शिळा मात्र आहेत. म्हणून संग्राहकांस एवढीच विनंती कीं, सुरत, मुंबई व ग्वाल्हेर येथील घराण्यांच्या दप्तरांत अपरिचित, उभ्या वळणाच्या अक्षरांचा एखादा कागद सांपडल्यास तो रद्दींत टाकूं नये. शिंद्यांच्या फौजेंत कर्नल जेकब पेत्रुससारखे अर्मनी सरदार होते. तेव्हां असा कागद आपल्या दप्तरांतून निघणें अशक्य नाहीं. त्याचें वाचन आज कोणास न आलें तरी उद्यां कोणास तरी येईल. जाळलेल्या कागदाचें वाचन कोणासच येणार नाहीं.