प्रस्तावापासून सुपूर्दगीपर्यंत : रत्नागिरीतील विद्यार्थी-गटांचे सॉफ्टवेअर प्रकल्प

रत्नागिरी जिल्ह्यात अभियांत्रिकीचे पदवी शिक्षण रुजले ते विसाव्या शतकाच्या अखेरीस. मिरजोळे औद्योगिक वसाहतीतील फिनोलेक्स अकादमी १९९६ मध्ये, संगमेश्वर तालुक्यातील आंबव येथील राजेंद्र माने अभियांत्रिकी महाविद्यालय १९९८ मध्ये आणि खेड तालुक्यातील लवेल येथील घरडा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी २००७ मध्ये सुरू झाली. या संस्था मुंबई विद्यापीठाशी संलग्न म्हणून उभ्या राहिल्या, त्यामुळे अंतिम वर्षाचा गट-प्रकल्प कसा आखावा, त्याचा अहवाल कसा बांधावा आणि तो कोणी तपासावा, याची चौकट त्यांना मुंबईहून तयार मिळाली.

या चौकटीत प्रकल्पाची सुरुवात ‘सिनॉप्सिस’ने, म्हणजे विषय, हेतू आणि अपेक्षित निष्पत्ती सांगणाऱ्या संक्षिप्त प्रस्तावाने होई, आणि शेवट ‘ब्लॅक बुक’ने, म्हणजे काळ्या पुठ्ठ्यात बांधलेल्या व सोनेरी अक्षरांच्या अहवालाने. नियोजन हे त्या अहवालातील एक प्रकरण असे, आणि वेळापत्रकाचा तक्ता काम आटोपल्यावर, छपाईच्या आधी काढला जाण्याचा प्रकार इतका सर्वपरिचित होता की त्याला कोणी लबाडीही म्हणत नसे. तो दोष एकट्या विद्यार्थ्यांचा मानता येणार नाही, कारण गुण अहवालाला आणि तोंडी परीक्षेला असताना मधल्या महिन्यांची नोंद ठेवण्याचे कारणच नव्हते.

त्या प्रकरणात जे तक्ते काढले जात, त्यांचा जन्म मुळात सॉफ्टवेअरसाठी झालेला नव्हता. प्रत्येक कामाची सुरुवात आणि अखेर आडव्या पट्टीने दाखवणारा तक्ता हेन्री गँट या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखला जातो व तो पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांतील उत्पादनाच्या देखरेखीसाठी प्रचारात आला. कोणते काम लांबले तर सगळा प्रकल्प लांबेल हे शोधणारी ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ड्यूपाँ या रसायन कंपनीत घडली, तर कामांच्या अनिश्चित कालावधीचा अंदाज बांधणारी ‘पर्ट’ पद्धत १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र कार्यक्रमातून निघाली. सॉफ्टवेअरची रखडपट्टी हा स्वतंत्र प्रश्न म्हणून चर्चेला आला तो त्यानंतर, १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या परिषदेत. आणि आधी सर्व गरजा, मग सर्व आराखडा, मग बांधणी व शेवटी चाचणी हा सरळ उतरता क्रम धोक्याचा असल्याचा इशारा विन्स्टन रॉइस यांनी १९७० मध्येच दिला होता, मात्र पुढील पिढ्यांनी त्यांच्या लेखातील आकृती उचलली आणि इशारा मागे राहिला.

महाराष्ट्रात नियोजनाला स्वतःचे स्थान पदविकेच्या अभ्यासक्रमात मिळाले. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाने २०१७ पासून लागू केलेल्या ‘आय’ योजनेत पाचव्या सत्रात ‘कॅपस्टोन प्रोजेक्ट प्लॅनिंग’ आणि सहाव्या सत्रात त्याची अंमलबजावणी व अहवाललेखन, असे दोन वेगळे विषय ठेवले गेले. त्याच योजनेतील छोट्या ‘मायक्रो-प्रोजेक्ट’च्या प्रस्तावात एक साधा तक्ता असे : काम कोणते, नियोजित आरंभ कधी, नियोजित अखेर कधी आणि जबाबदार सदस्य कोण. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल, कारण गटातील एक-दोघांनी राबायचे आणि बाकीच्यांनी नावापुरते राहायचे, या जुन्या रिवाजाला कागदावर तरी त्यानेच अडवले.

पदवीच्या पातळीवर बदलाची प्रेरणा बाहेरूनही आली. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे अभियांत्रिकी पदव्यांना परस्परमान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा, कायम सदस्य झाला आणि मूल्यांकनात गटकार्य व प्रकल्प-व्यवस्थापन ही स्वतंत्र उद्दिष्टे ठरली. मुंबई विद्यापीठाच्या २०१९ च्या ‘सी’ योजनेने दुसऱ्या वर्षापासूनच ‘मिनी प्रोजेक्ट’ आणला, गट तीन ते चार विद्यार्थ्यांचा ठरवला, पाहणी करून गरज ओळखण्यास सांगितले, आठवड्यागणिक कामाचा गँट, पर्ट किंवा क्रिटिकल पाथ आराखडा मागितला आणि मार्गदर्शकाने शेरे लिहावेत अशी साप्ताहिक नोंदवही, म्हणजे ‘लॉगबुक’, आवश्यक केली. दुसऱ्या वर्षाची पहिली तुकडी २०२०-२१ ची, म्हणजे महासाथीच्या काळातील असल्यामुळे कोकणातील अनेक गटांचे पहिले गटकार्य घरोघरी बसून, मोबाइलच्या तुटक जोडणीवर झाले.

लॉगबुकमुळे मधले महिने तपासणीच्या कक्षेत आले, ही या योजनेची खरी कमाई होय. तिची भाषा मात्र यंत्रशाळेची राहिली. वर्षभर चालणाऱ्या प्रकल्पात पहिल्या सत्रात संपूर्ण सैद्धांतिक उत्तर खर्चाच्या हिशेबासह तयार हवे आणि दुसऱ्या सत्रात सुट्या भागांची खरेदी, प्रतिकृतीची बांधणी व चाचणी व्हावी, ही अपेक्षा पंप किंवा विद्युतमंडल बनवणाऱ्या गटाला शोभते. सॉफ्टवेअरच्या गटाला मात्र अर्धवट का होईना, चालणारा भाग लवकर वापरणाऱ्याच्या हाती देऊन त्याच्या तक्रारींवरून आराखडा बदलावा लागतो, आणि ‘अजाइल’ नावाने २००१ मध्ये जाहीरनाम्याच्या रूपात मांडली गेलेली ही रीत तोवर उद्योगात रुळलेली होती.

याच योजनेत दुसऱ्या सत्राचे अखेरचे परीक्षण भित्तिपत्रक आणि चालू प्रतिकृतीचे प्रात्यक्षिक यांवर होई व पुढे तोंडी परीक्षा उरे. म्हणजे प्रकल्प सुपूर्द होई तो परीक्षकाला. मिरकरवाड्याचे मच्छीमार, हापूसचे बागायतदार, ग्रामपंचायती आणि वाचनालये असा वापरकर्ता रत्नागिरीतील गटांना हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून त्याच्याकडे सॉफ्टवेअर सोपवण्याचा आणि ते सोपवल्यानंतर निदान महिनाभर सांभाळण्याचा टप्पा गटांनी आपल्या आराखड्यात पहिल्याच आठवड्यात, जबाबदार सदस्याच्या नावासह, स्वतः लिहून घ्यावा.