दोन हत्तींची छाप : मुंबईच्या कापडबाजारातील चित्रमुद्रांविषयी काही विचार

आलेखनकलेच्या इतिहासात व्यवसायसंस्थेच्या दृश्य व्यक्तित्वाचा प्रारंभ बहुधा १९०७ या वर्षापासून धरला जातो. त्या वर्षी बर्लिनच्या ए. ई. जी. या विद्युत्साहित्य निर्माण करणाऱ्या संस्थेने पेटर बेरेन्स या कलावंतास आपला कलाविषयक सल्लागार नेमले. पुढील काही वर्षांत त्या संस्थेची पत्रके, अक्षरवळणे, विजेचे दिवे व किटल्या, इतकेच नव्हे तर १९०९ मधील टर्बाइनचा प्रचंड कारखानादेखील एकाच दृष्टीने घडविला गेला. हा आरंभबिंदू सोयीचा आहे, यात शंका नाही. परंतु त्यात एक गृहीत दडलेले आहे. संस्था आपली ओळख स्वतः ठरविते, कलावंत तिला रूप देतो आणि ग्राहक ती केवळ ग्रहण करतो, हे ते गृहीत होय. बेरेन्सच्या नेमणुकीपूर्वी पंचवीस वर्षे निकालात निघालेला, आणि मुंबईच्या बाजाराशी निकटचा संबंध असलेला एक वाद पाहिला म्हणजे हे गृहीत कितपत टिकते याविषयी विचार करणे भाग पडते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विलायतेहून मुंबईस येणाऱ्या कापडाच्या ताग्यावर व सुताच्या गठ्ठ्यावर रंगीत चित्राची एक चिठ्ठी चिकटविलेली असे. व्यापारी तिला टिकीट, टिका किंवा छाप म्हणत. (छापखाना आणि व्यापारी छाप या दोहोंना मराठीत एकच शब्द पुरतो, ही गोष्ट सहज म्हणून सोडून देण्यासारखी नाही.) ही चित्रे शिळाछापाची असत. प्रत्येक रंगास स्वतंत्र शिळा लागे, आणि वर बहुधा सोनेरी वर्खाचा झगमगाट असे. देवदेवता, राजे, वाघ, हत्ती, मोर, आगगाडी, नर्तकी असे नाना विषय त्यांत येत. लक्षात ठेवण्यासारखी बाब अशी की, ही छाप पुष्कळदा गिरणीची नसून माल पाठविणाऱ्या व्यापारी पेढीची असे. रॅली ब्रदर्स किंवा ग्रॅहॅम यांसारख्या पेढ्या अनेक चित्रे वापरीत. अर्थात बेरेन्सच्या षट्कोनी मुद्रेने जी एकात्मता साधली, तिचा येथे मागमूसही नव्हता. चित्र संस्थेचे नव्हे, तर मालाच्या प्रतीचे निदर्शक होते. अमुक चित्र म्हणजे अमुक पोत, अमुक रंग, अमुक टिकाऊपणा, एवढाच त्याचा अर्थ.

आता त्या वादाकडे वळू. स्कॉटलंडमधील ऑर-युइंग यांची पेढी तुर्की लाल रंगात रंगविलेले सूत मुंबईस व एडनला पाठवीत असे. तिच्या चिठ्ठीवर दोन हत्ती होते. बाजारात या सुतास पेढीच्या नावाने कोणी ओळखीत नव्हते. ते ‘बे हाथी’ या गुजराती नावाने मागितले जाई. पुढे जॉन्स्टन यांच्या पेढीनेही त्याच प्रकारच्या सुतावर दोन हत्तींची चिठ्ठी लावण्यास सुरुवात केली. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून पाहिल्या असता तपशिलात अनेक भेद दिसत. घाऊक माल घेणारे व्यापारी या साम्याने फसण्यासारखे नव्हते, असा बचाव करण्यात आला. प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले, आणि १८८२ मध्ये निकाल ऑर-युइंग यांच्या बाजूने लागला. न्यायासनाने कसोटी लावली ती पहिल्या खरेदीदाराची नव्हे, तर अखेरच्या खरेदीदाराची. ज्याला इंग्रजी अक्षर वाचता येत नाही, जो दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवून कधीच पाहणार नाही आणि जो दुकानात येऊन केवळ ‘बे हाथी’ असे म्हणणार आहे, त्याची फसगत होईल काय, हा प्रश्न निर्णायक ठरला.

या निकालाचे महत्त्व केवळ कायद्यापुरते नाही. १९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानातील साक्षरांचे प्रमाण सुमारे ५ टक्के होते. अशा समाजातील ग्राहकाची स्मृती हेच व्यापारचिन्हाचे खरे निवासस्थान आहे, असे लंडनच्या सर्वोच्च न्यायासनाने एका परीने मान्य केले. पेढीने चित्र काढविले खरे; पण त्यास नाव दिले बाजाराने, आणि संरक्षण मिळाले ते मुख्यतः त्या नावामुळे. ओळख ‘व्यक्त’ करणारा पक्ष येथे निर्माता नसून ग्राहक आहे, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

शासनाचा विश्वास मात्र चित्रापेक्षा आकड्यावर होता. १८८९ च्या हिंदुस्थानी मालचिन्ह अधिनियमाने येथील कारखान्यांत तयार झालेल्या ताग्यावर त्याची लांबी वारांमध्ये, तीही इंग्रजी अंकांत, ठळकपणे छापणे बंधनकारक केले. त्यामुळे एकाच ताग्यावर दोन प्रकारचे वाचक कल्पिलेले दिसतात : अंक वाचणारा अधिकारी आणि चित्र ओळखणारा गिऱ्हाईक. इंग्लंडमध्ये व्यापारचिन्हांची नोंदणी १ जानेवारी १८७६ पासून सुरू झाली. तेथे कापूसमालाच्या चिन्हांचा गुंता असा काही वाढला की त्यासाठी मँचेस्टर येथे तज्ज्ञांची स्वतंत्र व्यवस्था करावी लागली. १९०५ च्या इंग्लिश अधिनियमाने तर सुती कापडासाठी निव्वळ शब्दाचे चिन्ह नोंदविण्यास मनाई केली.

चित्रावरील हा विश्वास सर्वस्वी निरागस होता, असे मात्र मानू नये. महाराष्ट्रात देवदेवतांच्या रंगीत छापील चित्रांना घरोघर स्थान मिळवून देण्यात १८७८ साली पुण्यास निघालेल्या चित्रशाळेचा आणि १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मा मुद्रणालयाचा वाटा मोठा आहे. त्याच देवता विलायती ताग्यावरही विराजमान झाल्या होत्या. १९०५ च्या बहिष्काराच्या चळवळीने या सहवासातील विसंगती उघडी पाडली. ताग्यावरची लक्ष्मी ओळखीची, पण कापड लँकेशरचे, हे आता उपेक्षणीय राहिले नाही. ‘ही प्रत तीच काय?’ या प्रश्नाच्या जागी ‘हा माल कोणाचा?’ हा प्रश्न आला. त्यानंतर देशी गिरण्यांच्या छापांवर भारतमाता व राष्ट्रपुरुष दिसू लागले. हे केवळ देशभक्तीचे प्रदर्शन मानणे प्रस्तुत लेखकास पुरेसे वाटत नाही. चिन्हाने कशाची साक्ष द्यावयाची, हेच या काळात बदलले. प्रतीची साक्ष मागे पडून उगमाची साक्ष पुढे आली. जमशेटजी टाटा यांनी १८८६ मध्येच आपल्या गिरणीस ‘स्वदेशी’ हे नाव दिले होते, हे या संदर्भात ध्यानी घेण्याजोगे आहे. तेथे चित्राआधी नावानेच उगम सांगितला.

स्वतंत्र हिंदुस्थानच्या कायद्यातही जुन्या कापडबाजाराची सावली दीर्घकाळ राहिली. १९४० च्या अधिनियमाने येथे प्रथमच व्यापारचिन्हांची नोंदवही सुरू झाली. १९५८ च्या अधिनियमात कापडासाठी एक स्वतंत्र प्रकरणच होते. ताग्याच्या टोकाशी विणलेल्या रंगीत रेघांवर कोणासही एकाधिकार सांगता येणार नाही, असा नियम त्यात आढळतो. कारण त्या रेघा सगळ्याच बाजाराच्या मानल्या गेल्या होत्या. १९९९ चा अधिनियम २००३ मध्ये अंमलात आला, तेव्हाही हे विशेष प्रकरण कायम राहिले; पुढे २०१० च्या दुरुस्ती अधिनियमाने ते वगळले गेले, आणि कापड इतर मालाप्रमाणेच एक माल ठरले. तोवर त्या चिठ्ठ्या संग्राहकांच्या हाती गेल्या होत्या. त्यांचा एक मोठा संग्रह आज बंगळूर येथील म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी या संस्थेत आहे.